एस्सैनं नेलेले पैसे

नांदेडची बस भैंस्याच्या अड्ड्यावर सकाळी साडेसातला लागायची. मी निघाले त्या दिवशी ती नऊला लागली, आणि त्या दीड तासात बाबा एका जागी उभे राहिले नाहीत. माझी ट्रंक त्यांनी बाकाखालून खांबाजवळ नेली, खांबाजवळून परत बाकाखाली. माय बाकावर बसून होती. तिच्या मांडीवर पुंटीकुराच्या चटणीची बरणी होती. पुण्यात तुम्ही ज्याला अंबाडी म्हणता, तीच ही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. निर्मल गावच्या कॉलेजात बी.एस्सी. करून मी पुण्याच्या एका औषध कंपनीत लॅब असिस्टंट म्हणून चालले होते. आमचं गाव आंध्रातल्या भैंस्यापासून चार कोसांवर. दीड एकराचा मळा, त्यात वांगी, मेथी, मिरची. बाबा आणि मोठा भाऊ गंगाधर पाट्या घेऊन बाजारात बसायचे. नोकरीसाठी एकटी निघालेली गावातली पहिली मुलगी म्हणून बाजारातली पाच-सात ओळखीची माणसं मला बघायला थांबली होती. कुणी रडलं नाही. रडायचं की पेढे वाटायचे, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

बस सुटताना बाबा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "पोरी, कोनाचं घेऊ नको. घेतलं तं पुरं दे, आन आपल्या हातानं दे."

बरणीचं झाकण घट्ट आहे ना, तेवढं मायनं खिडकीतून हात आत घालून पुन्हा एकदा बघितलं.

आमच्यापैकी जे गावाकडेच राहिले त्यांना हे सांगावं लागेल, आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांना सांगायची गरज नाही: आपण तिकडेच मराठी असतो. शाळेत आमचे तेलुगू मास्तर मला 'मराठी अम्माई', म्हणजे मराठी पोरगी, म्हणून हाक मारायचे, आणि त्यात मला काही वावगं वाटायचं नाही. मी होतेच मराठी. पुण्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी वाढणाऱ्या मावशींना म्हणाले, "काऊन बरं उशीर करून राह्यल्या?" अख्खं टेबल हसलं. मग एकीनं अगदी मनापासून विचारलं, "तू आंध्रातली ना? पण मराठी किती छान बोलतेस गं!"

त्या दिवसापासून मी कमी बोलायला लागले. बोलायच्या आधी वाक्य मनात एकदा म्हणून बघायचं, 'मले'चं 'मला' करायचं, 'काऊन'चं 'का' करायचं, आणि मग तोंड उघडायचं. तोवर विषय पुढे गेलेला असायचा. दिवाळीला घरी गेले की उलटं. माझ्या तोंडून 'का' निघालं की गंगाधर म्हणायचा, "आली पुन्याची मास्तरीन." मग परत येताना बसमध्ये मला कळायचं नाही, की आता मी घरून चालले आहे की घरी चालले आहे. हे सगळं सांगते आहे, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ माझ्या या न बोलण्यात आहे. बँकेला किंवा आणखी कुणाला मी कधीच दोष दिला नाही.

सात-आठ वर्षं अशी गेली. कंपनीजवळ एक नवी चकचकीत बँक उघडली. आमचे पगार तिथे जमा व्हायला लागले. मग एक दिवस टाय घातलेला एक तरुण कँटीनमध्ये टेबल मांडून बसला आणि सगळ्यांकडून क्रेडिट कार्डाचे फॉर्म भरून घेऊ लागला. महिन्याभरानं पाकिटातून कार्ड आलं. त्यावर माझं नाव उठावदार अक्षरांत होतं, बोट फिरवलं तर लागायचं. मला ते इतकं आवडलं की सहा महिने मी ते वापरलंच नाही.

वापरलं ते फ्रिजसाठी. हॉस्टेल सोडून मी आणि सुषमा, माझी लॅबमधली साताऱ्याची मैत्रीण, दोन खोल्यांच्या जागेत राहायला गेलो होतो. बोनस येणार होता, पण उन्हाळा आधी आला. दुकानदारानं कार्ड एका लोखंडी साच्यात घालून कागदावर घर्रकन दाबलं, मी सही केली, आणि फ्रिज टेम्पोत चढला. पैसे दिल्यासारखं काही झालंच नाही. बिल आलं की बोनसमधून चेक द्यायचा, असं मी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात तो टायवाला परत आला. म्हणाला, "मॅडम, बिलाची तारीख चुकली की दंड लागतो. इथे एक सही करा, म्हणजे विसरायची भीतीच नको. ऑटो डेबिट." फॉर्मवर दोन चौकटी होत्या. किमान रक्कम की पूर्ण रक्कम? मला बाबांचा आवाज ऐकू आला, घेतलं तं पुरं दे. मी 'पूर्ण'वर खूण केली. 'ऑटो डेबिट' म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं होतं. वाक्य मनात तयार करत होते, तोवर तो पुढच्या टेबलाकडे गेला. माझी समजूत अशी झाली, की तारीख जवळ आली की बँकेतून कुणीतरी फोन करेल, आठवण करून देईल आणि मग मी चेक देईन.

म्हणून बिल आल्यावर मी नेहमीच्या शहाणपणानं चेक लिहिला, पाकिटात घातला आणि बँकेबाहेरच्या पेटीत टाकला. आपल्या हातानं.

तिकडे गावी माय दोन वर्षांपासून दुखणं अंगावर काढत होती. अंगावरून जायचं, थांबायचं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गर्भाची पिशवी काढावी लागेल, थांबू नका. ऑपरेशनची फी मी पाठवायची, दवाखान्यातला मुक्काम, औषधं आणि रक्त बाबा-गंगाधरनं बघायचं, असं पत्रातून ठरलं. तारीख मिळाली. बारा हजार रुपये मी वर्षभर जमवले होते. फ्रिजचे पैसे आणि मायचे पैसे एकाच खात्यात होते, पण माझ्या मनात त्यांच्या दोन वेगळ्या पुरचुंड्या होत्या. बँकेलाही त्या दिसत असतील असंच मला वाटायचं.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत मी ड्राफ्ट काढायला गेले. खिडकीतल्या माणसानं मशीनवर बघितलं आणि म्हणाला, "एवढा बॅलन्स नाहीये."

मी म्हणाले, "असेल. पुन्हा बघता का?"

त्यानं माझं पासबुक मशीनमध्ये सरकवलं. घर्रघर्र करत दोन ओळी उमटल्या. एका ओळीत माझा चेक. दुसऱ्या ओळीत तीच रक्कम, आणि तिच्यासमोर इंग्रजीत लिहिलेलं: टू एस. आय.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"एस. आय. गेलंय मॅडम," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत, "नेक्स्ट."

आता आमच्याकडे एस. आय. म्हणजे कोण, हे पुण्यातल्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे त्याला एस्सै म्हणतात. एस्सै म्हणजे ठाण्याचा फौजदार. बाजारात त्याची जीप आली की पाट्या आपोआप मागे सरकतात. लेकरू जेवत नसेल तर माय म्हणते, "खाय, नाई तं एस्सै येते." पासबुकात 'एस. आय.ला' असं छापलेलं वाचून मला आधी ती जीपच दिसली, खोटं कशाला सांगू? मी बी.एस्सी. झालेली होते, बँकेत एस्सै नसतो हे मला ठाऊक होतं. पण मग कोण असतो, हे ठाऊक नव्हतं. मागे रांग होती. मी पुन्हा विचारलं असतं तर घाईत 'काऊन' निघालं असतं. मी पासबुक पर्समध्ये घातलं आणि बाहेर आले.

मायच्या ऑपरेशनला सहा दिवस राहिले होते. निरोप तर द्यायला हवा होता. गावात फोन नव्हता. भैंस्यात राजन्नासेठचं बी-बियाण्याचं दुकान होतं, बाबांचा तिथे जुना राबता, निरोप तिथून जायचे. मी कंपनीसमोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये शिरले. लाल आकडे धावायला लागले.

"सेठ, मी विमल. माळ्याची विमल, पुण्याहून."

"हां अम्मा, चेप्पू. बोल, बोल."

"बाबांना सांगा, ड्राफ्टला उशीर होईल. पैसे खात्यातून एस. आय.ला गेलेत."

"एस्सै?"

"हो, तसंच लिहिलंय."

"एस्सैनं नेले?" त्यांचा आवाज चढला.

"नेले म्हणजे… गेलेत. सोमवारी चौकशी आहे. चौकशी झाली की कळवते म्हणावं."

पलीकडून ते काहीतरी तेलुगूत बोलले, मग मराठीत, मग लाइन खरखरली. आकडे पळत होते. मी फोन ठेवला. शनिवारी कंपनीत ऑडिट होतं, मला बाहेर पडता आलं नाही. बँक काय, सोमवारी उघडेलच, असं मी स्वतःला सांगितलं. सुषमालाही काही बोलले नाही. पैसे कुठे गेले हे आपल्यालाच कळत नाही, हे सांगायची मला लाज वाटत होती.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला वॉचमन लॅबच्या दारात आला. म्हणाला, "विमलताई, गेटवर एक शेतकरी काका आलेत. ते विचारतायत, तुम्ही सुटलात का म्हणून."

मी पांढऱ्या कोटातच धावत गेले. बाबा गेटच्या आत, सिक्युरिटीच्या केबिनला टेकून उभे होते. धोतर मळलेलं, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी. बाबांनी उभ्या आयुष्यात नांदेडपलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. मला बघितल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघेनात. त्यांनी आधी माझे दोन्ही हात धरले आणि मनगटं उलटसुलट करून बघितली.

"सोडलं तुले?"

"कोनी बाबा?" इतक्या वर्षांत त्या गेटवर मी पहिल्यांदाच माझ्या बोलीत बोलले.

"एस्सैनं. सेठ म्हने, पैसे एस्सैनं नेले, सोमवारी चौकशी हाय. म्हनलं, तेच्या आधी पोचलं पाह्यजे."

मला काही समजेना. त्यांनाही समजेना की मला का समजत नाही. केबिनमधल्या बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी माझ्या ध्यानात आलं. शुक्रवारी संध्याकाळी राजन्नासेठ स्वतः मोटरसायकलवर गावात आले होते. रात्रीतून सरपंचाला उठवून एक पत्र लिहून घेतलं, त्यावर गोल शिक्का मारला: ही मुलगी चांगल्या घरची आहे, तिच्यावर आजवर काही गुन्हा नाही. शनिवारी बाबा निघाले. रविवारी पुण्यात उतरले, माझ्या पत्राच्या पाकिटावरच्या पत्त्यावरून कंपनी शोधली, तर कंपनीला सुट्टी. हॉस्टेलवर गेले, तर मी तिथे राहत नव्हते. घरची पत्रं मला कंपनीच्या पत्त्यावर यायची, नवीन पत्ता मी कळवलाच नव्हता.

"मंग?" मी विचारलं.

"मंग ठान्यात गेलो."

"कोनत्या?"

"दिसलं त्या."

पुण्यातली तीन पोलीस ठाणी बाबांनी त्या रविवारी पायी धुंडाळली होती. प्रत्येक ठिकाणी पिशवीतून ते पत्र काढून पुढे केलं होतं. पत्र तेलुगूत होतं. एका हवालदारानं ते उलटं धरून बघितलं. दुसऱ्यानं शिक्क्याकडे बघून रजिस्टर चाळलं आणि सांगितलं की या नावाची कुणी मुलगी इथे नाही. तिसऱ्या ठिकाणच्या माणसानं चहा पाजला आणि म्हणाला, बाबा, तुमची पोरगी बहुतेक घरीच असेल. "मानूस चांगला होता," बाबा म्हणाले, "पन त्याले काय मालूम."

मला राग आला. कशाचा, ते आजही नीट सांगता येणार नाही. गेटमधून साहेब ये-जा करत होते, सुषमा लांबून बघत होती, आणि माझा बाप पुण्याच्या ठाण्याठाण्यांतून माझं नाव घेत फिरला होता. मी म्हणाले, "तुमी ठान्यात काऊन गेले बाबा?"

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "मंग कुठी जाऊ?"

मग त्यांनी बंडीच्या आतून, कमरेला बांधलेला पैशांचा कसा सोडला. नऊ हजार रुपये होते. मायच्या दवाखान्यासाठी जमवलेले. मी विचारलं, हे इथे कशाला आणले? तर म्हणाले, "जमानत लागन म्हनून. मी नाईच म्हनत होतो. तुही माय म्हने, माही पिशवी कुठी पळून जाऊन राह्यली का? पह्यले पोरीले आना."

केबिनमधला वॉचमन उठून बाहेर गेला. मी पासबुक काढून बाबांना ती ओळ दाखवली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण बोट ठेवून ते म्हणाले, "हे काय, एस्सै." इतकी वर्षं बाजारातल्या जीपवर ती दोन अक्षरं त्यांनी बघितलेली होती. त्यांच्या दृष्टीनं पुरावा माझ्याच पासबुकात होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही बँकेत गेलो. या वेळी मी खिडकीशी गेले नाही. बाबांनीच सरळ आतल्या काचेच्या केबिनचं दार ढकललं. आत चष्मा लावलेल्या एक अधिकारी बाई बसल्या होत्या. बाबा उभ्यानंच म्हणाले, "बाई, आमचे पैसे कोन नेले ते सांगा. अर्जी करा लागत असन तं अर्जी करतो."

बाईंनी दोघांना बसायला सांगितलं. पासबुक बघितलं, मशीनवर काही बघितलं, मग एक फाइल मागवली. फाइलमधून माझा तो फॉर्म निघाला.

"एस. आय. म्हणजे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन," त्या म्हणाल्या. "काका, ही कायमची सूचना असते. दर महिन्याला कार्डाचं बिल खात्यातून आपोआप भरलं जातं. यांनी सूचना दिली होती, आणि वर चेकही टाकला. म्हणून दोनदा गेले."

बाबांनी पासबुकातल्या त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे एस्सै मानूस नाई."

"नाही."

"कागद हाय."

"हो, कागदच म्हणा."

त्यांनी फॉर्म हातात घेतला. माझ्या सहीवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे वळले. "दस्तखत तुहीच हाय."

"हो बाबा."

"मंग तुले काऊन मालूम नाई?"

मी म्हणाले, "मी इचारलं नाई." बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या हसल्या नाहीत. पुण्यात माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नाही असं त्याआधी क्वचितच झालं असेल, किंवा मी नेहमी आधीच गप्प बसायचे म्हणून मला ते माहीत नव्हतं.

जास्तीचे पैसे परत मिळतील, पण पंधरा-वीस दिवस लागतील, असं बाईंनी सांगितलं. अर्ज द्यावा लागेल. बाबांनी ते ऐकून घेतलं, मग अगदी सरळपणे विचारलं, "बिलाचे पैसे घ्यायचे होते तवा आपोआप घेतले. आता बँकच देनं लागते, तं आपोआप काऊन नाई येऊन राह्यले?"

बाई थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून माझ्यापुढे सहीला केला. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी अर्थ विचारला, आणि मग सही केली.

निघताना त्या म्हणाल्या, घरी दर महिन्याला पैसे पाठवत असाल तर त्याचीही अशीच सूचना देता येते, ड्राफ्ट आपोआप पोस्टानं जाईल. मला ते सोयीचं वाटलं. मी बाबांकडे बघितलं.

"नको," बाबा म्हणाले. "ड्राफ्टासंगं चिठ्ठी येते. ड्राफ्ट बँकेनं धाडला तं चिठ्ठी कोन लिहीन?"

त्याच दिवशी आठ दिवसांची रजा घेऊन मी बाबांबरोबर निघाले. मनमाडला गाडी थांबली तेव्हा बाबांनी विचारलं, तो टायवाला पोरगा कुठल्या गावचा? मला माहीत नव्हतं. "इचारा लागत होतं," ते म्हणाले.

गावात पोचलो तर आमच्या दारात बायका जमलेल्या. राजन्नासेठही दुकान सोडून आले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बाबांना विचारलं, "बेल झाली?" बाबा ओट्यावर बसले आणि त्यांनी समजावायला सुरुवात केली. एस्सै मानूस नाई. कागद हाय. पोरीनं कागदावर दस्तखत केलं, त्या कागदानं पैसे घेतले. सगळ्यांनी मान डोलावली. मग एकीनं विचारलं, "पन पैसे घेतले ना?" घेतले. "आन चौकशी झाली ना?" झाली. "मंग तेच तं." पुढचे दोन दिवस जो येईल त्याला बाबा पहिल्यापासून सांगत राहिले. मग कंटाळले. गंगाधरच्या सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मी आतून ऐकलं, बाबा म्हणाले, "हो, होती. जाऊन सोडवून आनलं." आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

मला तेव्हा ते झोंबलं. पुढे एका स्थळानं याच गोष्टीवरून नकार कळवला, तेव्हा अजून झोंबलं. मी बाबांना म्हटलं, खरं काय ते सांगायचं. ते म्हणाले, "सांगतलं की. कोनाले समजते?" आणि ते बरोबर होतं. मला तरी कुठे समजलं होतं?

मायचं ऑपरेशन ठरलेल्या दिवशीच झालं. बाबांच्या कमरेचे नऊ हजार आणि माझ्या खात्यात उरलेलं थोडंफार यावर डॉक्टरांनी हो म्हटलं, बाकीचे नंतर द्या म्हणाले. बँकेचे पैसे आले तसे मी त्यांना पाठवले. आत न्यायच्या आधी मी मायच्या खाटेजवळ बसले होते. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, नर्सनं उतरवायला लावल्या होत्या, आणि त्यामुळे ती दुसरीच कुणी वाटत होती. तिनं मला खूण करून जवळ बोलावलं. बाबा बाहेर गेले आहेत ना, ते बघितलं.

"खरं सांग," ती हळूच म्हणाली. "मारलं का तुले त्याहिनं?"

"नाई माय. कोनी मारलं नाई. मी गेलीच नव्हती कुठी. बँकेचा कागद होता तो."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. मी पुन्हा सुरुवात केली, स्टँडिंग म्हणजे कायमची, इन्स्ट्रक्शन म्हणजे सूचना. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"काई केलं असन तं बी मले सांगू नको," ती म्हणाली. "आली ना. बस."

माय बरी झाली. तो फॉर्म मी रद्द केला नाही. कार्डाचं बिल आजही आपोआप जातं, फक्त आता मी पेटीत चेक टाकत नाही. घरचा ड्राफ्ट मात्र दर महिन्याला मीच रांगेत उभी राहून काढते, आणि चिठ्ठी लिहिते. काही महिने दोनच ओळींची.

मला अजूनही कुणी घर कुठलं म्हणून विचारलं तर उत्तर एकदम येत नाही. पुण्यात माझी जागा आहे, नळाला माझ्या नावाचं बिल येतं, दुकानदार मला ओळखतात. इथे काही चुकलं तर मी आधी कागद शोधते, सही कुणाची आहे, खूण कुठल्या चौकटीत आहे. तो न्याय मला पटतो, मीच तो शिकले आहे. पण गावात त्या आठवड्यात, माय दवाखान्यात होती तेवढे दिवस, आमच्या चुलीवर एकदाही भांडं चढलं नाही. मी जेलातून सुटून आले आहे असं पक्कं मानणाऱ्या बायका रोज पाळीनं ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या. मी काय केलं होतं, हे त्यांच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. समोर बसून मी जेवेपर्यंत थांबल्या, आणि ताट रिकामं दिसलं की म्हणाल्या, "घे अजून."